गालाच्या तुकड्याची पावती : इंदूरच्या एका सामाईक ऊतकपेढीतील प्रकरण

इंदूरमधील तीन रुग्णालयांनी मिळून तोंडाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी एक सामाईक ऊतकपेढी (रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या तुकड्यांचे नमुने जपून ठेवणारी पेढी) उभारली, तेव्हा मी त्यांपैकी एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात होते आणि पेढीच्या समन्वयाचे काम माझ्याकडे होते. रुग्णालयांची नावे मी येथे देत नाही. रुग्णाची आणि त्याच्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत, मात्र घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पेढीची मांडणी साधी होती. शस्त्रक्रिया पहिल्या रुग्णालयात होत, नमुने दुसऱ्या रुग्णालयातील उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवले जात आणि माहिती तिसऱ्या रुग्णालयातील संगणकावर भरली जाई, कारण संख्याशास्त्रज्ञ तेथे होते. ज्याच्याकडे जे होते ते त्याने दिले होते, आणि एवढे जमले याचेच आम्हाला तेव्हा समाधान होते.

एके दिवशी दुपारी एक बाई माझ्या खोलीत आल्या. त्यांचे वडील रामबागेत राहणारे, निवृत्त कारकून. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गालाच्या आतल्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते, पुढे आजार उलटला आणि ते गेले. घरातले कागद आवरताना मुलीला एका संमतीपत्राची झेरॉक्स सापडली होती. मजकूर हिंदीत, खाली सही मराठी वळणाची. त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, "मॅडम, बाबांचा तो तुकडा अजून आहे का? असेल तर कुठे आहे? आणि त्याचं पुढे झालं काय?"

मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. प्रत्यक्षात उत्तर द्यायला मला अकरा दिवस लागले.

पहिल्या रुग्णालयाकडे नाव आणि नोंदणी क्रमांक होता. दुसऱ्याकडे फक्त नळीवरचा बारकोड होता. तिसऱ्याकडे संशोधनासाठी दिलेला वेगळाच क्रमांक होता. हे तिन्ही जुळवणारा तक्ता एका सहकाऱ्याने स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवला होता आणि तो सहकारी नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेला होता. गोपनीयतेसाठी नाव आणि नमुना यांची फारकत करणे योग्यच होते, पण ती फारकत कोणी, कधी आणि कोणाच्या परवानगीने पुन्हा जोडायची, हे आम्ही कोठेही लिहून ठेवले नव्हते. फोन करून, जुने मेल उपसून तो तक्ता मिळाला, तेव्हा मी बाईंना बोलावले आणि नमुना सुरक्षित असल्याचे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सराफ्यात अंगठी दुरुस्तीला टाकली तरी पावती मिळते. तुम्ही बाबांच्या गालाचा तुकडा ठेवून घेतलात, त्याची पावती कुठे आहे?"

त्या आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. पण पेढीच्या सगळ्या बैठका, सगळे प्रस्ताव आणि सगळे नियम यांत मला जे सापडले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात समोर ठेवले होते. पेढी म्हणजे ठेव, आणि ठेव म्हटली की ठेवणाऱ्याचे नाव खात्यावर असते. आमच्या खात्यावर फक्त आमचीच नावे होती.

तरीही सामाईक पेढी हवीच होती, हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा मजकूर तिच्याविरुद्ध वाचला जाईल. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी कर्करोगाचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण होते आणि त्यांत ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे जवळजवळ १ लाख ४४ हजार. संख्या इतकी मोठी असूनही संशोधकाला हवा असतो तो नेमका गट: गालाच्या आतल्या अस्तराचा, सुरुवातीच्या टप्प्यातला, आधी कोणताही उपचार न झालेला, केवळ सुपारी खाणाऱ्या रुग्णाचा कर्करोग. अशा चाळण्या लावत गेल्यावर एकेका रुग्णालयाकडे बोटांवर मोजण्याएवढे नमुने उरतात. परदेशातील साठ्यांवर विसंबता येत नाही, कारण तेथील आजारच वेगळा आहे. अमेरिकेच्या कर्करोग जनुक नकाशा प्रकल्पाने २००६ पासून ३३ प्रकारच्या कर्करोगांचे वीस हजारांहून अधिक नमुने अभ्यासले आणि २०१५ मध्ये डोके व मानेच्या २७९ कर्करोगांचा तपशील प्रसिद्ध केला, पण त्यांत धूम्रपान करणारे रुग्ण फार होते आणि आपल्याकडे दिसणारा गाल व हिरडीचा कर्करोग अगदी थोडा होता. ती उणीव आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक संघाच्या भारतीय गटाने भरून काढायला सुरुवात केली. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र यांनी २०१३ मध्ये गाल व हिरडीच्या कर्करोगाचे ५० रुग्ण आधी आणि ६० रुग्ण पडताळणीसाठी, असे तपासून पूर्वी माहीत नसलेली काही जनुके पुढे आणली. त्या कामाच्या मागे एकेका रुग्णाच्या ऊतकाची आणि त्याच रुग्णाच्या रक्ताची जोडी होती, हे विसरता कामा नये.

याही पूर्वीचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तेव्हा टाटा स्मारक रुग्णालय सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि जनुकांची क्रमवारी वाचणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. हाताशी सूक्ष्मदर्शक होते, स्लाइडी होत्या आणि नीट नोंदवही होती. नोंदवही नीट असली की साध्या साधनांनीही पुष्कळ कळते. आमच्या पेढीत साधने भारी होती आणि कच्ची होती ती नोंदवही.

अकरा दिवसांच्या शोधात मी त्या एका नमुन्याचा सगळा प्रवास पुन्हा चालून पाहिला. त्यातले पहिले ठिकाण संमतीचे.

संमतीपत्रावर सही ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घेतली होती. रुग्ण उपाशी, हाताला सलाईन, बाहेर स्ट्रेचर तयार. पत्रातले वाक्य एवढेच, की माझे उरलेले ऊतक भविष्यातील संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही. मुलीला तो प्रसंग स्पष्ट आठवत होता. बाबांनी त्या तरुण डॉक्टरला विचारले होते की याने माझे औषध ठरेल का, आणि त्याने घाईत उत्तर दिले होते, "हाँ अंकल, काम आएगा।" कामी येणार हे खरेच होते, पण कोणाच्या, हे त्या शब्दांत नव्हते. वडिलांनी ते स्वतःच्या उपचाराबद्दल धरले. पुढचे अनेक महिने घरची मंडळी एका रिपोर्टची वाट पाहत होती आणि तो रिपोर्ट कधीच येणार नव्हता. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते की संमती म्हणजे सही नव्हे, ते एक बोलणे आहे आणि त्याला निवांत वेळ लागतो. ते बोलणे बाह्यरुग्ण विभागात, ऑपरेशनच्या तारखेच्या निदान काही दिवस आधी, रुग्ण ज्या भाषेत घरी बोलतो त्या भाषेत व्हायला हवे होते. इंदूरच्या मराठी माणसाला हिंदी उत्तम येते, पण भीती वाटत असताना माणूस ऐकतो ते घरच्या भाषेतच.

दुसरे ठिकाण ऑपरेशन थिएटर. सर्वांत मोठे नुकसान येथे झाले होते आणि ते कोणाला दिसलेही नव्हते. गालाच्या कर्करोगात बहुतेक वेळा आधी मानेतल्या गाठी काढतात, त्या ओघात चेहऱ्याकडे रक्त नेणारी रोहिणी (धमनी) बांधली जाते, आणि मूळ गाठ नंतर निघते. म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा ती शरीरात असतानाच कमी होऊ लागतो. पेशी तेव्हापासून बदलू लागतात. प्राणवायू कमी पडल्यावर चालू होणारी जनुके चालू होतात, आरएनए, म्हणजे जनुकांचा संदेश वाहणारा रेणू, तुटू लागतो, आणि नंतर प्रयोगशाळेत जे मोजले जाते त्यात कर्करोग किती आणि थिएटरमधला तो तास किती, हे वेगळे करता येत नाही. म्हणून रोहिणी बांधल्याची वेळ, गाठ बाहेर आल्याची वेळ आणि तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गेल्याची वेळ, या तिन्ही लिहाव्या लागतात. आमच्या अर्जावर वेळेचा रकाना एकच होता आणि या नमुन्यासमोर तोही कोरा होता.

भरीस भर म्हणजे थिएटरमधली जुनी सवय. गाठ निघाली की सिस्टर ती थेट फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकतात. निदानासाठी ते बरोबरच आहे. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून पेशीची रचना टिकवते आणि त्यानंतर मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे पॅराफिनचा ब्लॉक, वर्षानुवर्षे वाचता येतो. पण त्याच बांधणीमुळे आरएनएचे तुकडे होतात. पेढीसाठी गाठ ताजी, बर्फावर, पॅथॉलॉजीत यायला हवी आणि तेथे गाठीच्या कडांना धक्का न लावता पॅथॉलॉजिस्टने तिचा छोटा भाग काढून द्यायला हवा. निदानाला लागेल ते आधी आणि उरेल ते पेढीला, हा क्रम कधीही उलटता येत नाही. या रुग्णाची गाठ बरणीत पडली होती, मग कोणाला तरी पेढीची आठवण झाली, ती बाहेर काढली गेली आणि तिचा एक तुकडा नळीत भरून गोठवला गेला. फॉर्मॅलिनमध्ये ती किती वेळ होती हे कोणालाच सांगता येत नव्हते.

फ्रीझरबद्दल फार लिहीत नाही, कारण तेथे या नमुन्याचे काही बिघडले नव्हते. पण एकाच ठिकाणी सगळी ठेव ठेवू नये एवढे सांगणे आवश्यक आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात एक फ्रीझर बंद पडून सुमारे दीडशे मेंदूंचे नमुने वितळले, आणि त्यांतले पन्नासहून अधिक ऑटिझमच्या अभ्यासासाठी जपलेले होते. वितळलेला नमुना पुन्हा मिळत नाही. आमच्याकडे प्रत्येक रुग्णाच्या दोन नळ्या असूनही दोन्ही एकाच कप्प्यात शेजारी होत्या.

तिसरे ठिकाण माहितीचे, आणि येथे मुलीने आम्हाला शिकवले. मी त्यांना वडिलांची नोंद वाचून दाखवत होते. तंबाखू: नाही. त्या लगेच म्हणाल्या, "तंबाखू नाहीच, पण सुपारी? बाबांचा पितळी अडकित्ता अजून फडताळात आहे. दुपारचं जेवण झालं की कातरायला बसायचे, ऑफिसला जाताना डबीत भरून न्यायचे." आमच्या अर्जात सुपारीला जागाच नव्हती. तंबाखू आहे किंवा नाही, धूम्रपान आहे किंवा नाही, असे दोन रकाने आणि बस. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसतानाही, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात स्पष्ट नोंदवलेले आहे. तरीही हे गृहस्थ आमच्या संगणकात कोणतेही व्यसन नसलेले म्हणून बसले होते, आणि उद्या कोणी संशोधक तंबाखूशिवाय होणाऱ्या कर्करोगाचा गट मागता तर त्यांचा नमुना आम्ही बिनदिक्कत त्या गटात दिला असता.

मी घरी जाण्यापूर्वी मूळ केसपेपर पुन्हा चाळला. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या टिपणात एक ओळ होती: तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. निरोगी माणसाचे तोंड सहज तीन बोटे उघडते. सुपारीने गालाचे अस्तर आतून ताठ होत जाते, त्याचीच ती खूण. माहिती रुग्णालयात होती, ती भूल देताना श्वासासाठी नळी घालण्याच्या काळजीने लिहिली गेली होती, आणि तीन इमारतींपैकी एकीतून दुसरीत तिला कोणी नेले नव्हते. गुटख्यावर मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये, देशात सर्वांआधी, बंदी घातली. पण घरातली कातरलेली सुपारी, मशेरी, गुडाखू, चुना-तंबाखू हे सगळे आमच्या माळव्यात वेगवेगळे लिहावे लागते, प्रत्येकासमोर किती वर्षे आणि दिवसातून किती वेळा हेही लिहावे लागते, आणि हे रकाने संगणकवाल्याने एकट्याने ठरवून चालत नाही.

रोगाच्या टप्प्याचीही गोष्ट तशीच. टीएनएम या कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या कर्करोगात गाठीची रुंदी पुरत नाही, ती किती खोल गेली हेही मोजावे लागते, आणि खोली पाच मिलिमीटरच्या पुढे गेली की दोन सेंटीमीटरच्या आतली गाठही वरच्या टप्प्यात जाते. एक रुग्णालय नवी आवृत्ती वापरत होते आणि एक जुनीच. संगणकात दोन्ही एकाच रकान्यात शेजारी बसली होती. तिन्ही ठिकाणच्या पॅथॉलॉजिस्टांनी एका शनिवारी एकत्र बसून स्लाइडी पुन्हा पाहिल्या आणि खोली नव्याने मोजली, तेव्हा कोठे तो रकाना भरवशाचा झाला. वर्षभरातला आमचा सर्वांत उपयुक्त दिवस तोच होता असे मी आजही म्हणेन.

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत: नमुना आणि त्याची माहिती यांचा मालक तो देणारा माणूस, आणि पेढी चालवणारी संस्था ही केवळ विश्वस्त. देणारा आपला नमुना परत मागू शकतो. अमेरिकेत कायद्याचे वळण काहीसे वेगळे पडले आहे, पण तेथेही हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रीच्या पेशी १९५१ मध्ये न विचारता घेतल्याचे ओझे पुढच्या पिढ्यांना वाहावे लागले, आणि ॲरिझोनातील हवासुपाई जमातीने मधुमेहासाठी दिलेले रक्त दुसऱ्याच अभ्यासांना वापरल्याचे प्रकरण २०१० मध्ये तडजोडीने मिटले. दोन्हीकडे लोकांना लागले ते एकच, आमचे काय केलेत हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

आमच्या प्रकरणात एक अडचण अधिक होती. मुलीला नमुना पेढीत राहावा असे वाटत होते. तिचा भाऊ पुण्याला असतो. त्याला तो नष्ट करून हवा होता, कारण वडिलांच्या जनुकांतून आपल्या मुलांबद्दल काही बाहेर येईल आणि उद्या विमा कंपनीच्या हाती लागेल, अशी त्याला धास्ती होती. ही धास्ती पोकळ नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की निनावी म्हणून प्रसिद्ध केलेल्या जनुकीय माहितीतूनही, वंशावळीच्या सार्वजनिक नोंदी जोडून, माणसाचे आडनाव शोधता येते. इंदूरच्या मराठी वस्तीत तर एवढेही लागत नाही. वय, मोहल्ला, जुनी नोकरी आणि आजार एवढे सांगितले की सांगणाऱ्याच्या आधी ऐकणारा नाव घेतो.

मृत्यूनंतर निर्णय कोणाचा, याची ओळ आमच्या संमतीपत्रात नव्हती. एथिक्स कमिटीने तोवरच्या काळापुरते ठरवले की भावंडांचे एकमत होईपर्यंत नमुना कोणालाही द्यायचा नाही. मग मी भावाशी फोनवर बोलले आणि जे होते ते सगळे सांगितले. निदानाचा पॅराफिन ब्लॉक हा रुग्णालयाचा वैद्यकीय दस्तऐवज आहे, तो वेगळा, आणि पेढीतली नळी वेगळी. एका तुकड्यातून आधीच डीएनए काढून तो दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेकडे गेला आहे. त्याचे आकडे इतर रुग्णांच्या आकड्यांत मिसळले आहेत आणि ते आता वेगळे काढता येणार नाहीत. नळीतला आरएनए निरुपयोगी ठरला आहे, डीएनए वापरण्याजोगा आहे. रक्ताची जोडी आम्ही घेतलीच नव्हती, त्यामुळे गाठीत नव्याने झालेला बदल कोणता आणि घराण्यातून आलेला कोणता, हे खात्रीने सांगता येणार नाही. पण घराण्याचा वारसा गाठीतही असतोच, म्हणून त्याची काळजी रास्त आहे. शेवटचे वाक्य बोलताना मला अवघड गेले, कारण ते ऐकून तो नमुना काढून घेईल असे वाटत होते. तो बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने विचारले, "निम्मं हो म्हणता येतं का?"

येते. मार्गदर्शक तत्त्वांत पायऱ्यापायऱ्यांच्या संमतीची सोय आहे, ती आम्हीच कागदावर आणली नव्हती. दोघा भावंडांनी मिळून लिहून दिले: केवळ तोंडाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी, देशाबाहेर पाठवायचे नाही, जनुकीय आकडे खुल्या संकेतस्थळावर ठेवायचे नाहीत, आणि प्रत्येक वापराची खबर बहिणीला कळवायची. त्यानंतर नव्या रुग्णांसाठीचे संमतीपत्रही याच पायऱ्यांत, हिंदी आणि मराठी दोन्हींत केले. जोडतक्ता आता एका माणसाच्या लॅपटॉपवर नसतो. तो दोन रुग्णालयांत कुलूपबंद असतो आणि उघडायला दोन सह्या लागतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रोहिणी बांधल्याची वेळ आपल्याच तक्त्यावर लिहायची, ही सूचना एका सिस्टरची होती आणि ती लगेच अमलात आली, कारण थिएटरमध्ये घड्याळाकडे सतत पाहणारे तेच एक असतात.

पावती छापायला सर्वांत कमी वेळ लागला. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर पेढीचा क्रमांक, नळ्यांची संख्या, त्या कोठे आहेत, संमती कोणत्या पायरीपर्यंत आहे, आणि चौकशीसाठी माणसाचा, विभागाचा नव्हे, फोन नंबर. मागच्या बाजूला वापराच्या नोंदींसाठी ओळी. पहिली पावती आम्ही त्या बाईंच्या वडिलांच्या नावे केली. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली. सवयींच्या रकान्यात आता लिहिले होते: सुपारी, घरी कातरलेली, रोज, सुमारे ४० वर्षे, माहिती देणार, मुलगी. गोठवल्याच्या वेळेसमोर काहीच नव्हते. तेथे बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पेन काढून त्या रिकाम्या जागेत "नोंद घेतली गेली नाही" असे लिहिले आणि खाली सही केली. त्यांनी पावती संमतीपत्राच्या झेरॉक्सला टाचली आणि मागच्या बाजूची पहिली नोंद कधी होईल असे विचारले. चंडीगडहून एका प्रयोगशाळेची मागणी कमिटीपुढे आहे, मंजूर झाली तर मी स्वतः फोन करीन, असे मी त्यांना सांगितले.